पडद्यावर विमान दिसलं, म्हणून निघालास?

बस. मोबाइल खाली ठेव आणि माझ्याकडे बघ. काल संध्याकाळी तू दाखल केलेला आयएफआर, म्हणजे ढगातून फक्त उपकरणांवर उडायचा, फ्लाइट प्लॅन मी रद्द करायला लावला, त्याचा तुला राग आलाय. येऊ दे. रागावून ऐकलंस तरी चालेल, पण शेवटपर्यंत ऐक. हे आज डोक्यात शिरलं नाही तर लायसन्स मिळूनही तू वैमानिक होणार नाहीस.

मी तुला एकच प्रश्न विचारला होता : या विमानात जीपीएस कोणतं आहे? तू म्हणालास, ‘आहे ना सर, पॅनेलवर आहे, शिवाय माझा आयपॅड आहे.’ मी कोणतं ते विचारलं आणि तू मला आहे म्हणून सांगितलंस. कुठल्या मंजुरीचं, त्याचा डेटाबेस किती तारखेपर्यंतचा, त्याच्यावर अप्रोच उडवायची परवानगी आहे की फक्त एन-रूट, यातलं एकही तुला सांगता आलं नाही. आणि तू त्या यंत्राच्या भरवशावर माँटेरेच्या उपसागराकडे, जुलैतल्या त्या समुद्री ढगांच्या थरात शिरणार होतास. तिथे पट्टी दिसायच्या आधी तुझ्याकडे फक्त एक सुई असते. ती सुई खरं बोलतेय की नाही हे तुला कसं कळणार होतं? सांग. गप्प बसू नकोस, कारण ढगात गप्प बसता येत नाही.

‘सर, जीपीएस तर अगदी अचूक असतं.’ हे वाक्य माझ्या कानावर इतक्यांदा पडलंय की आता ते ऐकलं की मी प्लॅन तपासायलाच घेतो. अरे, अचूकपणाबद्दल कोण भांडतंय? २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेने नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, तेव्हापासून अचूकपणा प्रत्येकाच्या खिशात फुकट आहे. तुझा आयपॅड स्वच्छ दिवशी तुला टॅक्सीवेच्या मधल्या पिवळ्या रेषेवर दाखवतो, हे मलाही माहीत आहे. प्रश्न वेगळा आहे. तो आयपॅड चुकला, तर तुला सांगेल का? नाही सांगणार. एखादा उपग्रह बिघडला, सिग्नल कुणी जाम केला, अँटेनावर तुझाच हात आला, तरी तो छोटं निळं विमान तितक्याच ऐटीत नकाशावर सरकवत राहील. प्रमाणित यंत्र आणि बाजारातलं यंत्र यांच्यातला फरक हा आहे. प्रमाणित यंत्राला स्वतःची चूक पकडून तुला वेळेत सांगावी लागते. म्हणूनच हातातलं किंवा फक्त व्हीएफआरसाठी, म्हणजे बाहेर बघत उडण्यासाठी, बसवलेलं जीपीएस आयएफआर नेव्हिगेशनला चालत नाही. अप्रोचला नाही, मुख्य आधार म्हणूनही नाही. आपण कुठे आहोत याचं भान राहावं म्हणून जवळ ठेवा, बस्स, इतकंच अमेरिकेच्या हवाई नियामकाचं, एफएएचं, मार्गदर्शन सांगतं. आपल्याच हँगरमधल्या त्या दुसऱ्या सेस्नाच्या पॅनेलवर ‘जीपीएस फक्त व्हीएफआरसाठी’ अशी पट्टी चिकटवलीय. ती तू रोज बघतोस. ती तिथे का आहे, असं कधी विचारलंस?

आता तुझ्या विमानातल्या यंत्राकडे ये. त्यात केएलएन ९४ आहे. जुनं आहे, पण चांगलं यंत्र आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. त्याची मंजुरी टीएसओ-सी१२९ या मानकाची आहे. म्हणजे ते आयएफआरला चालतं, अप्रोचलाही चालतं, पण एकट्याच्या जिवावर नाही. या वर्गातलं जीपीएस घेऊन आयएफआर उडायचं तर त्या मार्गाला आणि ऑल्टरनेटला, म्हणजे पर्यायी विमानतळाला, पुरेल असं दुसरं मंजूर नेव्हिगेशन साधन विमानात असलं पाहिजे आणि ते चालू स्थितीत असलं पाहिजे. आपल्या विमानात ते दुसरं साधन म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ स्टेशनांवरून दिशा दाखवणारा व्हीओआर. मग मी वही काढली. व्हीओआर तपासणीची शेवटची नोंद मे महिन्यातली! एफएएच्या नियमांतलं कलम ९१.१७१ काय सांगतं? आयएफआर उड्डाणाच्या आधीच्या तीस दिवसांत व्हीओआर तपासलेला असला पाहिजे. जमिनीवर चार अंशांच्या आत, हवेत सहा अंशांच्या आत, आणि दोन्ही रिसिव्हर एकमेकांशी ताडले तर दोघांत चार अंशांहून जास्त फरक नको. तारीख, जागा, किती अंशांची चूक आणि सही, या चार गोष्टी वहीत लिहायच्या. पाच मिनिटांचं काम. ते झालं नाही म्हणून व्हीओआर आयएफआरला बाद, आणि व्हीओआर बाद म्हणून त्याच्या आधाराने उभं असलेलं जीपीएसही बाद. बघ, एका न केलेल्या सहीने दोन्ही यंत्रं गेली. आणि तू म्हणतोस, ‘सर, व्हीओआर आता कोण वापरतं?’ तू वापरतोस. तुझ्या विमानात दुसरं काही नाही म्हणून तू वापरतोस.

एफएए व्हीओआर कमी करतंय, हे खरं आहे. आठशे शहाण्णवांपैकी सुमारे पाचशे नव्वद ठेवायचे, असा तो बेत. पण उरलेले ठेवतायत ते कशासाठी? जीपीएस गेलं तर माणसाला शंभर नॉटिकल मैलांच्या आत जीपीएसशिवाय उतरता येईल असं एक तरी विमानतळ मिळावं म्हणून. ज्या सरकारने जीपीएस आकाशात सोडलं तेच सरकार ते बंद पडेल असं धरून तयारी ठेवतं, आणि तू धरत नाहीस.

आणि वॉस. तू ते तोंडात घोळवत होतास, म्हणून सांगतो. वॉस २००३ च्या जुलैमध्ये सेवेत आलं. जमिनीवरची स्टेशनं जीपीएसच्या सिग्नलमधली चूक मोजतात, भूस्थिर उपग्रहांवरून ती दुरुस्ती विमानाला मिळते, आणि सिग्नलवर भरवसा ठेवू नका हा इशाराही सेकंदांत मिळतो. त्या जातीचे रिसिव्हर सी१४५ आणि सी१४६ या मानकांचे. त्यांना दुसऱ्या साधनाची सक्ती नाही. काही ठिकाणी ते एलपीव्ही अप्रोचवर तुला दोनशे फुटांपर्यंत खाली आणू शकतात. तसं यंत्र तुझ्या विमानात आहे का? नाही. मग फ्लाइट प्लॅनच्या दहाव्या रकान्यात ‘बी’ का लिहिलंस? ‘बी’ म्हणजे आमच्याकडे एलपीव्हीची क्षमता आहे. तू म्हणालास की ट्रान्सपॉन्डरमध्ये वॉस आहे. हो, आहे. जानेवारी २०२० पासून एडीएस-बी आउट सक्तीचं झालं, तेव्हा या विमानात नवा ट्रान्सपॉन्डर बसवला आणि त्याच्या पोटात वॉस रिसिव्हर आहे. पण तो रिसिव्हर तुझी जागा कंट्रोलरला सांगतो, तुझ्या सुईला नाही. त्याची एकही तार त्या सुईकडे, सीडीआयकडे, जात नाही. ज्या क्षमतेचा कागद विमानात नाही ती तू सरकारी फॉर्मवर आहे म्हणून लिहिलीस. दुसऱ्याने असं केलं असतं तर त्याला तू काय म्हणाला असतास?

कायदा या बाबतीत फार बोलत नाही, आणि म्हणूनच तुमची पिढी त्याच्यात पळवाट शोधते. कलम ९१.२०५ आयएफआरसाठी लागणारी उपकरणं सांगतं : दिवसा-रात्रीच्या व्हीएफआरची सगळी, शिवाय जायरो, सेकंद दाखवणारं घड्याळ, दाबानुसार लावता येणारा अल्टिमीटर, दोन्ही बाजूंनी बोलता येणारा रेडिओ, आणि ज्या मार्गाने जायचं त्याला पुरेल असं नेव्हिगेशनचं साधन. जीपीएस हवं, असं त्यात कुठेही नाही. पण मार्ग तू आरनॅव्ह, म्हणजे जीपीएसवरच्या, अप्रोचचा निवडलास की त्याला पुरणारं साधन म्हणजे मंजूर जीपीएसच, आणि त्याच्या सगळ्या अटी गळ्यात पडतात. त्या अटी कुठे लिहिल्यात? विमानाच्या फ्लाइट मॅन्युअलच्या मागे जोडलेल्या सप्लिमेंटमध्ये. ते पिवळं पडलेलं, कोपरे दुमडलेलं बाड मी काल तुझ्या हातात दिलं तेव्हा तू विचारलंस, ‘हे काय आहे सर?’ पंचेचाळीस तास तू या विमानात बसलास. त्या बाडात लिहिलंय की हे यंत्र एन-रूट, टर्मिनल आणि नॉन-प्रिसिजन अप्रोचला मंजूर आहे, कोणत्या सॉफ्टवेअरवर, कोणत्या अटींवर. ते बाड विमानात नसेल, किंवा त्यात आयएफआरची मंजुरी नसेल, तर पॅनेलवर हिरे जडवलेलं यंत्र असलं तरी ते आयएफआरसाठी नाहीच. यंत्र बसवणाऱ्याने लॉगबुकात काय नोंदवलं आणि सप्लिमेंटमध्ये काय मान्य झालं, तेवढंच तुझं. पडद्यावर काय दिसतं ते तुझं नाही.

डेटाबेसचं तर विचारूच नकोस. यंत्र चालू केलंस की पहिल्या पानांतच ते डेटाबेसची मुदत सांगतं. संपली असेल तर तुला तसं स्पष्ट लिहून दाखवतं आणि ‘एंटर’ दाबून मान्य करायला लावतं. माझ्या डोळ्यांदेखत तू ते ‘एंटर’ दाबलंस. न वाचता. बोट इतकं सवयीचं झालंय की डोळ्यांची गरजच उरली नाही. मुदत दोन आवर्तनांपूर्वी संपली होती. आवर्तन अठ्ठावीस दिवसांचं, म्हणजे तेवढ्या काळात कुणी वेपॉइंट हलवला असेल, कुणी अप्रोचची उंची बदलली असेल, कुणी अख्खा अप्रोच रद्द केला असेल, आणि तुझं यंत्र जुनंच सत्य सांगत बसलं असतं. एन-रूटसाठी काही सप्लिमेंट मुभा देतात, की प्रत्येक वेपॉइंट चालू छापील माहितीशी ताडून बघा आणि मग वापरा. ती मुभा तुझ्या सप्लिमेंटमध्ये आहे का, हे आधी बघायचं. मुभा असली तरी ताडून बघण्याचं काम तुझं, यंत्राचं नाही. आणि अप्रोच? अप्रोच नावानिशी डेटाबेसमधून उचलायचा, पूर्ण. अक्षांश-रेखांश हाताने घालून स्वतः अप्रोच बनवायचा नाही. तुझ्या वहीच्या मागच्या पानावर तू तीन वेपॉइंटचे आकडे लिहून ठेवले होतेस, ते मी पाहिलेत. ते पान फाडून टाक.

यंत्राने जे पुढे ठेवलं ते न वाचता मान्य केलं की काय होतं, हे तुला कॅलीच्या अपघातातून शिकवायला हवं होतं. २० डिसेंबर १९९५, अमेरिकन एअरलाइन्सचं बोइंग ७५७, कोलंबियातलं कॅली. तुझ्या सेस्नाच्या शंभरपट यंत्रणा त्या विमानात होती. कॉकपिटमधल्यांनी रोसो हा बीकन गाठायचा म्हणून ‘आर’ टाकलं. यंत्राच्या यादीत त्या अक्षराला पहिला होता बोगोटाजवळचा रोमिओ. त्यांनी तो स्वीकारला. विमान भलतीकडे वळलं, आणि आपण कुठे आहोत हे नीट कळेपर्यंत डोंगर आला. १५९ माणसं गेली, चार वाचली. त्या वैमानिकांना उडवता येत नव्हतं असं कुणी म्हणू शकत नाही. यादीतलं पहिलं नाव त्यांनी पाहिलं, पण वाचलं नाही. तू ‘एंटर’ दाबलंस तेव्हा तेच केलंस.

आता रेम, म्हणजे यंत्राने सिग्नलचा ताळा स्वतः बघणं. ही गोष्ट तू पाठ केलीस, समजून घेतली नाहीस. तोंडी परीक्षेत तू घडाघडा सांगितलंस की पाच उपग्रह लागतात. का लागतात? जागा ठरवायला चार पुरतात. पण चार साक्षीदार असतील आणि त्यातला एक खोटं बोलत असेल, तर खोटा कोण हे कळायला मार्ग नाही. पाचवा आला की जबान्या जुळत नाहीत एवढं तरी कळतं. सहावा असला, आणि यंत्राला ती अक्कल दिलेली असली, तर खोट्याला ओळखून बाहेर काढता येतं. उंचीची माहिती अल्टिमीटरकडून घेता येत असेल तर एक उपग्रह कमी चालतो. हे सगळं तुझ्या यंत्राच्या आत चाललेलं असतं, आणि कधी कधी, कुठल्या तरी ठिकाणी, ठरावीक वेळेला, आकाशात उपग्रहांची मांडणीच अशी असते की हा ताळा बसत नाही. त्या वेळी तुझं यंत्र आंधळं नसतं, पण स्वतःची चूक ओळखू शकत नाही. म्हणून निघण्याआधी रेमचं भाकीत बघायचं : जिथे आणि ज्या वेळेला मी अप्रोच करणार आहे तिथे ताळा बसेल की नाही. वॉसवाल्यांना एरवी हे बघावं लागत नाही. तुला बघावं लागतं. तू बघितलं नाहीस.

आणि नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचना, त्याही बघितल्या नाहीस. कॅलिफोर्नियातल्या चायना लेकच्या लष्करी क्षेत्रातून जीपीएसमध्ये मुद्दाम अडथळा आणून चाचण्या घेतात, तेव्हा त्यांचे नोटॅम निघतात. त्या चाचण्यांचा परीघ शेकडो मैलांचा असतो आणि जितकं उंच जाशील तितका वाढतो. आपण त्याच राज्यात उडतो. कलम ९१.१०३ म्हणतं की उड्डाणाशी संबंधित उपलब्ध असलेली सगळी माहिती विमानाच्या कमांडरने आधी करून घ्यावी. कायदा ‘सगळी’ म्हणतो, सवडीने जमेल तेवढी नाही.

रेम अप्रोचमध्ये गेलं तर काय करशील, हे मी तुला काल विचारलं नाही, कारण उत्तराची मला भीती वाटली. आज सांगतो. अंतिम अप्रोच वेपॉइंटच्या आधी इशारा आला तर अप्रोच पूर्ण करायचाच नाही. मिनिमाकडे उतरायचं नाही. मिस्ड अप्रोचच्या जागेपर्यंत वेपॉइंट धरून जायचं, वर जायचं आणि दुसरा बेत करायचा. त्या वेपॉइंटनंतर इशारा आला तर ताबडतोब वर. ताबडतोब म्हणजे ‘अजून शंभर फूट बघू’ असं मनात येण्याच्या आधी. का, ते ऐक. वेपॉइंट ओलांडून अप्रोच चालू झाल्यावर रेम गेलं, तर हे जुन्या मानकाचं यंत्र अप्रोच पूर्ण होऊ द्यावं म्हणून पाच मिनिटांपर्यंत गप्प राहू शकतं. तू नव्वद नॉटने येतोस. मिनिटाला दीड नॉटिकल मैल. पाच मैलांचा अंतिम टप्पा तू साडेतीन मिनिटांच्या आत पार करतोस. म्हणजे अख्खा अंतिम टप्पा, ढगात, जमिनीकडे उतरत, कुणीही न तपासलेल्या सुईवर संपू शकतो, आणि इशारा यायच्या आधी तू खाली पोचलेला असशील. म्हणून इशारा दिसला की तो उशिरा आलेला आहे असंच धरायचं. मला या एका मुद्द्यावर तुझी झोप उडालेली हवी आहे.

आता त्या नॅव्ह-जीपीएस बटणाबद्दल. परवा सिम्युलेटरवर तू ते व्हीओआरवरच ठेवलंस, पडद्यावर जीपीएसचा मार्ग बघत राहिलास आणि सुई भलत्याच स्टेशनची होती. मी थांबवलं तेव्हा तू हसलास. मग हे ऐक. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियन एअर लाइन्सचं ००७ हे विमान अँकोरेजहून सोलला निघालेलं असताना सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं होती. आंतरराष्ट्रीय चौकशीत असं निघालं की ऑटोपायलट बहुधा हेडिंगवर राहिला आणि आपल्याला नेव्हिगेशन यंत्र नेतंय या समजात ते तासन् तास उडत राहिले. यंत्र चांगलं होतं, जोडलेलं नव्हतं. त्या घटनेनंतरच अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी जीपीएस नागरी विमानांना खुलं करण्याचं जाहीर केलं. ज्या सिग्नलवर तू उडतोस तो तुला या कारणाने मिळालाय. ते बटण कुठे आहे, सुई आत्ता कुणाचं ऐकतेय, अप्रोच ‘आर्म’ झाला का, वेपॉइंटच्या आधी ‘अॅक्टिव्ह’ झाला का, सुईची पूर्ण रेंज एका मैलावरून शून्य पूर्णांक तीन मैलांवर आली का, हे दर वेळी बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं. ‘अॅक्टिव्ह’ दिसलं नाही तर उतरायचं नाही. याच्यावर हसायचं नाही.

ऑल्टरनेटचं बघ. तुझ्या मुक्कामाच्या ठिकाणी फक्त जीपीएस अप्रोच. ठीक. पण ऑल्टरनेट म्हणून तू जे किनाऱ्यावरचं दुसरं छोटं विमानतळ लिहिलंस, तिथेही फक्त जीपीएस अप्रोच! वॉस नसलेल्या यंत्राला दोन्ही ठिकाणी जीपीएसवर विसंबून प्लॅन करता येत नाही. एका ठिकाणी तरी जीपीएसशिवाय उतरता आलं पाहिजे, आणि ते उतरवणारं उपकरण तुझ्या विमानात चालू पाहिजे. अक्कल वापरलीस तर नियमही लागणार नाही. जीपीएस गेलं म्हणून पहिल्या ठिकाणी उतरता आलं नाही, तर दुसऱ्या ठिकाणी ते परत येईल का? ‘मग माँटेरे देतो, तिथे आयएलएस आहे’ असं तू घाईघाईने म्हणालास. जमिनीवरच्या सिग्नलवर चालणारा आयएलएस आहे, पण तोच समुद्री ढग माँटेरेवरही पसरलेला असतो. जुलैत ऑल्टरनेट आत शोधायचं, कॅलिफोर्नियाच्या मधल्या दरीच्या बाजूला. फ्रेस्नोला आयएलएस आहे आणि उन्हाळ्यात तिथे आकाश बहुधा उघडं असतं. डिसेंबरात नेमकं उलट, तेव्हा दरीत टुले नावाचं धुकं बसतं आणि किनारा मोकळा असू शकतो. हे कुठलंच यंत्र तुला सांगणार नाही.

तुझी सबब मी ऐकली. सबस्क्रिप्शनचे पैसे संस्थेने भरले नाहीत, काल दुसरा एक जण याच विमानातून गेला, आणि ढग तर पातळच होते. सबस्क्रिप्शनसाठी भांडणं माझं काम आहे आणि ते मी करतोय. दुसऱ्याने काय केलं ते त्याच्या लॉगबुकात. ढग पातळ होते, हे तुला वरून दिसलं. खालून किती जाड होते ते तुला माहीत नव्हतं. आणि भांडण मी जिंकेपर्यंत विमानाचा कमांडर म्हणून सही तुझी असते. डेटाबेस जुना आहे हे दिसल्यावर ‘हे विमान मी आयएफआर नेणार नाही’ म्हणण्याचा अधिकार तुला कायद्याने दिलाय. तो तू वापरत नाहीस कारण तासाचे पैसे मोजतोस. घरच्यांनी घर गहाण ठेवून तुला इथे पाठवलं, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच ओरडतोय. ज्याची मला पर्वा नाही त्याला मी ‘छान’ म्हणतो आणि घरी पाठवतो.

‘भारतात गेल्यावर तर सगळं आयएलएसच असतं’, हाही गैरसमज काढून टाक. आपल्याकडे गगन आहे, वॉसच्याच जातीचं. २८ एप्रिल २०२२ ला इंडिगोच्या एटीआरने राजस्थानातल्या किशनगडला गगनच्या आधाराने एलपीव्ही अप्रोच उडवला. उद्या धुळे, बारामती, कऱ्हाडच्या पट्ट्यांवर असे अप्रोच वाढले तर ते उडवणारे तुम्हीच असणार. आणि जीपीएसमध्ये ढवळाढवळ होते याबद्दल आपल्या हवाई नियामकाने, डीजीसीएने, २०२३ साली परिपत्रक काढलंय. सीमेच्या बाजूला ही रोजची डोकेदुखी आहे. तिथे बसून ‘सर, जीपीएस तर अचूक असतं’ म्हणालास तर तुझ्या मागे शंभर माणसं बसलेली असतील.

आता ऊठ. आज विमान नाही. संध्याकाळपर्यंत ते सप्लिमेंट पहिल्या पानापासून वाच आणि त्यातल्या मर्यादांचं पान स्वतःच्या हाताने उतरवून काढ. मला झेरॉक्स चालणार नाही. उद्या सकाळी दोन्ही व्हीओआर एकमेकांशी ताडून बघ आणि वहीत तारीख, जागा, अंश आणि सही घाल. डेटाबेस अपडेट झाला की नाही ते ‘एंटर’ दाबायच्या आधी मोठ्याने वाचून मला ऐकव. रेमचं भाकीत आणि नोटॅम कागदावर आण. प्लॅनमधलं ‘बी’ काढ. ऑल्टरनेट आतलं घे, आणि तिथे पोचून पुढे पंचेचाळीस मिनिटं उरतील इतकं इंधन धर. साडेसहाला हँगरवर ये.